कागदाची पाठ

हिरेमठ सर वर्गात पुढच्या दाराने आलेले मी एकदाच पाहिले, आणि त्याला कारण मी होते.

एरवी ते मागच्या दाराने यायचे. कोल्हापूरच्या डिझाइन कॉलेजातल्या आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला दोन दारं होती. पुढचं सगळ्या जगासाठी आणि मागचं फक्त सरांसाठी. पायात रबरी तळाच्या चपला, त्यामुळे चाहूल म्हणून लागायची नाही. आपण मान खाली घालून पेन्सिल चालवत असावं आणि एकदम कानाजवळ आवाज यावा, "पावणं, हे कुठनं आणलं?" पहिल्या आठवड्यात माझ्या हातून दोनदा पेन्सिल पडली. तिसऱ्यांदा शाईची बाटलीच सांडली, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "खरं काम करणारं दचकत न्हाई."

हे साफ खोटं आहे. खरं काम करणारंही दचकतं. पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती.

उंची बेताची, अंगात फिक्या निळ्या रंगाचा हाफ शर्ट, खिशात स्टीलची सहा इंची पट्टी. सकाळी कपाळावर ओढलेल्या भस्माच्या तीन रेघा दुपारच्या तासाला निम्म्या पुसलेल्या असायच्या. सर सीमेकडच्या गावचे, घरात कानडी. आमच्याशी मराठीत बोलायचे, पण मोजायचे मात्र कानडीत. गोळा केलेले कागद अंगठा ओला करून "वंदू, येरडू, मूरू" असे मोजत आणि मध्येच थांबून आमच्यातल्या एखाद्याकडे बघत. ते आमच्याबद्दल कानडीत काहीतरी वाईट बोलतात, अशी आमची बरेच दिवस खात्री होती. शेवटी गडहिंग्लजच्या आरतीने, म्हणजे माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने, ते नुसते आकडे आहेत असं सांगितलं. तरी तिच्यावरही आमचा पुरता विश्वास बसला नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला हाताने एक सरळ रेघ काढायला सांगितली होती. पूर्ण कागदाच्या लांबीची, पट्टी न लावता. सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावर सरांनी ते सुलटे बघितलेच नाहीत. एकेक कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. पाचव्या की सहाव्या कागदावर बोट थांबलं.

"हे कुणाचं?"

ओंकार उभा राहिला. राजारामपुरीतला, गाडीवरून येणारा, वर्गात सगळ्यांत आधी सगळं माहीत असणारा मुलगा.

"पट्टी लावलीस."

"न्हाई सर, आईशप्पत."

"आईला कशाला मधी आणतोस? हात चालतोय तसा कागद दबतोय. कुठं घाबरलास, कुठं दमलास, सगळं मागं उमटतंय. ह्या रेघंला भ्याच वाटलं न्हाई कुठं. पट्टीला भ्या वाटत न्हाई."

ओंकार बसला. आम्ही सगळ्यांनी लगेच आपापल्या कागदाची पाठ चाचपून बघितली. त्या दिवसापासून वर्गात एक नवा रोग सुरू झाला. जो तो दुसऱ्याचा कागद उलटा करून बघायला लागला.

सरांची आणखी एक रीत होती. नवीन पोराला ते नावाने हाक मारत नसत. मुलगा असो, मुलगी असो, सगळे "पावणं" आणि सगळ्यांना अहो-जाहो. "बसा पावणं", "दाखवा पावणं." ज्याचं काम खरोखर त्याचंच आहे अशी त्यांची खात्री पटली, त्याला एक दिवस अचानक नावाने हाक यायची आणि त्याच क्षणी तो 'तू' व्हायचा. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. इतकं आदराने बोलवणाऱ्या मास्तराकडून अरेतुरे ऐकायला आम्ही जीव टाकत होतो. ओंकारने पट्टी लावलेली पकडल्यावर खरं तर तो जन्मभर पावणा राहायला हवा होता. पण सरांनी त्याला नंतर अठ्ठावीस रेघा काढायला लावल्या आणि शेवटच्या रेघेची पाठ चाचपून म्हणाले, "ओंकार, पाणी पिऊन ये जा." तो पाणी प्यायला गेला तो मिरवतच.

सरांचा संशय वर्गापुरता नव्हता. कॅन्टीनचा चहा कप उचलून तळापासून बघत. नोटीस बोर्डावरच्या सहीवर बोट घासून ती शाईची की छापील ते बघत. एकदा मी शाहूपुरीत ड्रॉइंगचे कागद घ्यायला गेले, तर दुकानात काउंटरवर सर. पुढ्यात प्लॅस्टिकच्या सोळा पट्ट्या मांडलेल्या. दोन-दोन पट्ट्या एकीला एक लावून, उजेडाकडे धरून बघणं चाललं होतं.

दुकानदार घाईला आलेला. "सर, सगळ्या एकाच कंपनीच्या हायत की!"

"म्हणूनच बघतोय."

बराच वेळ गेला. मागे गिऱ्हाईक वाढलं. शेवटी सरांनी दोन पट्ट्या बाजूला काढल्या. "ह्या दोन जुळत्यात. बाकीच्या चौदा खोट्या."

दुकानदार म्हणाला, "आणि ह्या दोन खोट्या आन् त्या चौदा खऱ्या असल्या तर ओ?"

सर थबकले. खरंच थबकले. खिशातली स्टीलची पट्टी काढून तिच्याकडेही त्यांनी एकदा संशयाने बघितलं, परत खिशात ठेवली आणि काहीच न घेता निघून गेले. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "दर जूनला येत्यात. अजून एकबी घेतली न्हाई."

आता माझं. मी कागलची. बारावीनंतर डिझाइन शिकायचं म्हणाले तेव्हा बाबांनी, "चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतंय?" असं विचारलं होतं. आईने मध्ये पडून एक वर्ष मिळवून दिलं. एका वर्षात काही दिसलं तर ठीक, नाहीतर कागललाच कॉमर्सला. आणि वर्षाअखेरीला सरांची सही असलेलीच कामं मार्कांना धरणार होते. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य त्या मागच्या दाराने येणाऱ्या माणसाच्या सहीवर टांगलेलं होतं.

सप्टेंबरात त्यांनी काम दिलं, आपल्या भागात पिकणारी एक वस्तू घ्या आणि तिच्या खोक्यासाठी चिन्ह काढा. कागलची म्हणून सगळ्यांना वाटलं मी ऊस काढणार. मी काजू घेतला, कारण आजोळ आजऱ्याचं, मामाच्या दारात काजूची झाडं. तीन दिवस काही जमेना. चौथ्या दिवशी मात्र हात आपोआप चालला. काजूचं बोंड, वर दोन पानं, त्यातलं एक मुडपलेलं, आणि त्या मुडपलेल्या पानाचीच रेघ खाली येऊन बी व्हायची. पेन्सिल न उचलता एका रेघेत. खाली तीन ठिपके. इतकं सोपं आणि इतकं देखणं आपल्या हातून निघालं याचाच मला धक्का बसला होता.

सरांनी कागद घेतला. आधी पाठ. बोट सावकाश फिरलं. "हात तुमचाच हाय," ते म्हणाले. मग कागद सुलटा केला आणि बघतच राहिले.

"हे तीन ठिपके कशाला?"

"असंच, सर. चांगलं दिसतंय."

"असंच काय नसतंय. हे कुठनं आलं?"

"माझ्या डोक्यातनं, सर."

"डोक्यात कुठनं आलं?"

याला काय उत्तर असतं? "आठवा," ते म्हणाले, आणि सही न करताच कागद घेऊन कपाटाकडे गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. फोनवर तासभर काजूची चिन्हं शोधली, त्यासारखं एकही सापडलं नाही. मग रडू थांबलं आणि राग आला. तो तीन महिने टिकला.

त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट, किल्ली सरांच्या कमरेच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याने बांधलेली. आमची कामं त्यात जायची आणि परत यायची नाहीत. "वर्ष संपल्यावर बघू." सर नसलेल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओंकारने बातमी दिली की सरांचा मेहुणा शाहूपुरीत छपाईच्या धंद्यात आहे आणि आपली डिझाइनं तिकडे जातात. मग काय, प्रत्येकाला आठवायला लागलं. कुणाला साडीच्या पिशवीवर आपली वेलबुट्टी दिसली, कुणाला मिठाईच्या खोक्यावर आपला मोर. सरांना मेहुणाच नव्हता, हे फार नंतर कळलं.

दिवाळीपर्यंत वर्गातल्या सगळ्यांना नावं मिळाली. मी सोडून. मुलं मला 'पावणीबाई' म्हणायला लागली. आरतीसुद्धा एकदा म्हणाली आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

डिसेंबरात शाहूपुरीतल्या सुक्या मेव्याच्या दुकानासमोरून जाताना माझे पाय जागच्या जागी थांबले. काचेमागे काजूच्या नव्या कोऱ्या खोक्यांची रास, आणि प्रत्येक खोक्यावर माझं बोंड. दोन पानं, त्यातलं एक मुडपलेलं. पेन्सिल न उचलता काढलेली तीच रेघ. खाली तीन ठिपके! खोक्यावर नाव आजऱ्याच्या एका काजूवाल्याचं होतं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत चाळीस मेसेज आले. 'सोडायचं नाही.' 'पुरावाच मिळाला.' 'आम्ही पाठीशी आहोत.' शुक्रवारी मी प्राचार्य मॅडमच्या नावाने अर्ज लिहिला, की सरांनी माझं काम बाहेर दिलं. सह्यांसाठी कागद वर्गभर फिरवला. पाठीशी सगळे होते, सही कुणीच केली नाही. एकट्या माझ्या सहीचा अर्ज मी देऊन आले. मॅडमनी सरांना आणि मला सोमवारी अकराला बोलावलं.

शनिवारी सर वर्गात आले ते पुढच्या दाराने. चपलांचा आवाजही त्या दिवशी मुद्दाम काढल्यासारखा येत होता. कुणाच्या मागे जाऊन उभे राहिले नाहीत, कुणाला कुठनं आणलं म्हणून विचारलं नाही. खुर्चीत बसले आणि तास संपल्यावर उठून गेले. मला वाटलं, घाबरले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

रविवारी कागलला गेले. दुपारी आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत बसली होती. "जरा सुईदोऱ्याचा डबा दे गं," म्हणाली. मी कपाटातून डबा काढला आणि तो देता देता माझा हात तसाच राहिला.

पत्र्याचा चौकोनी डबा. कडा गंजलेल्या, रंग उडालेला. झाकणावर काजूचं बोंड, दोन पानं, एक मुडपलेलं. त्याच पानाची रेघ खाली येऊन बी झालेली. आणि तीन ठिपके.

"आई, हा डबा कुठला?"

"आजऱ्याचा. माझ्या लग्नात तुझ्या मामानं काजू दिलतं, त्यातला. तू ल्हान हुतीस तवा ह्यो डबा मांडीवर घिऊन बसायचीस की. बोट फिरवत. काढून घेतला तर रडायचीस."

"आणि हे ठिपके?"

"तीन ठिपकं म्हंजे अख्खा काजू. दोन म्हंजे पाकळी. एक म्हंजे तुकडा. वाचता न येणाऱ्यालाबी कळावं म्हणून करायचे ते काजूवाले. मधी किती वरसं पिशवीतनं इकत हुते, आता परत तसलीच खोकी काढल्यात, असं मामा म्हणत हुता."

चांगलं दिसतंय म्हणून मी ठिपके काढले होते! मला आधी भीती वाटली आणि लाज नंतर वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिला विचार असा आला की हा डबा कॉलेजात कुणी पाहिलेला नाही. मी तो नेऊन ज्वारीच्या पिंपामागे ढकलला. तासाभराने आईला दोरा लागला, ती घरभर डबा शोधायला लागली आणि मी पलंगावर पडून राहिले. बाबासुद्धा उठून शोधायला लागले. "आत्ता तर हातात हुता," असं आई तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मला सोसेना. मी डबा काढून आणला. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

सोमवारी अकराला मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. सरांनी माझा सप्टेंबरातला कागद आणला होता आणि टेबलावर ठेवला होता, या खेपेला पालथा नाही, सुलटा. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला काय सांगायचंय?"

"मी काय सांगणार? त्यांनी सांगावं."

मी बॅगेतून डबा काढून कागदाशेजारी ठेवला. "सर, हे इथनं आलं," एवढंच म्हणता आलं.

सरांनी डबा उचलला. झाकणाकडे नजरसुद्धा न टाकता, सवयीप्रमाणे, आधी पाठ बघायला तो उलटा केला. झाकण सैल होतं. सुया, बटणं, हूक, दोऱ्याची रिळं, सगळं मॅडमच्या टेबलावर आणि तिथून खाली. एक लाल रीळ दारापर्यंत गेलं. मॅडमनी सुयांच्या भीतीने पाय वर घेतले. आणि आम्ही तिघंही, कसली तक्रार आणि कसलं काय, खाली वाकून सुया शोधायला लागलो. सर वेचताना मोजत होते, "वंदू, येरडू, मूरू..."

मग त्यांनी कागद उलटा करून मॅडमपुढे सरकवला. पाठीमागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि शेजारी सप्टेंबरातली तारीख होती. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"स्नेहल. हात स्वतःचा. आकार पूर्वी पाहिलेला. तिला आठवत नाही. आठवेपर्यंत थांबायचं."

तीन महिने मी ज्या नावासाठी झुरत होते ते पहिल्याच दिवसापासून कपाटात होतं. त्यांनी मला चोर म्हटलंच नव्हतं. मी मात्र त्यांना चोर म्हणाले होते, तेही लेखी, सहीनिशी. मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मग आता ह्या तक्रारीचं काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"कसली तक्रार? कुठनं आलं म्हणून इचारलं हुतं," सर डब्याचं झाकण लावत म्हणाले. "आठवलं की तिला."

मी धीर करून विचारलं, "मग सही, सर?"

"ह्याच्यावर? हे डबेवाल्याचं हाय. नवीन काढा."

जिन्यावर मी माफी मागायला त्यांना गाठलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "स्नेहल, डबा उद्या परत घिऊन ये. रिकामा आण. पाठ नीट बघायची राहिली." आणि रबरी चपलांनी आवाज न करता खाली गेले. माफी राहिली ती राहिलीच.

नवीन चिन्ह मी एकवीस वेळा काढलं. ते पहिल्याइतकं देखणं झालं नाही, आजही तसं वाटत नाही. पण सरांनी विचारलं, कुठनं आलं, तेव्हा मला प्रत्येक रेघेचा पत्ता सांगता आला. त्यांनी सही केली. बाबांनी कॉमर्सचा विषय पुन्हा काढला नाही. ओंकार आता पुण्यात आहे आणि अजून सगळ्यांत आधी सगळं त्यालाच कळतं.

आता मी कोल्हापुरातच खोक्यांची डिझाइनं करते. गिऱ्हाईक फोनवर चित्र पाठवून म्हणतं, असंच पाहिजे. माझं मन पहिल्यांदा त्या चित्राच्या पाठीकडे जातं. काही फारच सहज सुचलं तर मला आनंद होत नाही, संशय येतो. मग मी आईला फोन करून विचारते, आपल्याकडे असं काही होतं का गं? आई म्हणते, तुझं डोकं फिरलंय.

गेल्या जूनमध्ये शाहूपुरीतल्या त्याच दुकानात गेले. काउंटरवर सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. निळा शर्ट आता अंगात ढगळ झाला होता. भस्माच्या रेघा ताज्या होत्या, पण थोड्या वाकड्या. पुढ्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्या मांडलेल्या. दुकानदाराच्या जागी त्याचा मुलगा होता, तो काही न बोलता सरांना बघू देत होता. मला त्याने हळूच सांगितलं, "आता कायम येत्यात. घरचं कोनतरी न्यायला येतंय."

मी जवळ गेले. सरांनी दोन पट्ट्या माझ्यापुढे धरल्या. "पावणं, ह्यातली खरी कुठली?"

"मी स्नेहल, सर."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. आधी माझ्या बोटांकडे बघितलं. उजव्या हाताचं मधलं बोट, पेन्सिल टेकते तिथला घट्टा. मग त्यांनी माझा हात धरून उलटा केला आणि त्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं, सावकाश, डोळे मिटून.

"तुम्हाला कुठंतरी बघितलंय," ते म्हणाले. मग जरा खजील होऊन, "आठवंना झालंय."

बाहेर माझा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला अर्ध्या तासात एका गिऱ्हाइकाकडे पोचायचं होतं. मी काउंटरपाशी स्टूल ओढलं आणि बसले.

"गडबड न्हाई, सर," मी म्हणाले. "आठवेपर्यंत थांबते."